काकी पुन्हा वर्गात फिरकू नये म्हणून

गावात प्रौढांसाठी संगणक वर्ग काढताय? मुहूर्त एप्रिलच्या मध्याचाच धरा. आंबा उतरवायची नि पेट्या भरायची घाई असते, कोणाला पाठ टेकायला फुरसत नसते. दर्यावरच्यांचीही अशीच काळजी घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नेमके तेच 61 दिवस वर्गाला सुट्टी द्या. पावसात वीज जाते, हे कारण तयारच आहे.

पहिला तास संगणकाच्या पिढ्यांना. 1946 चा एनिॲक, त्यातल्या सुमारे 18,000 व्हॅक्यूम ट्यूब, सगळं फळ्यावरून उतरवून घ्या. मग पेंटमध्ये डोंगर, सूर्य आणि माड. खिडकीबाहेर खरे आहेत, पण ते अभ्यासक्रमात नाहीत.

कोयती धरून राठ झालेल्या हाताचं डबल क्लिक हुकतं, कारण दोन टिचक्यांच्या मध्ये माऊस हलतो. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी फाइल उघडते, हे मात्र फोडू नका. दोन तास सहज निघतात.

"कशासाठी शिकायचंय?" हे तर चुकूनही विचारू नका. एखादी काकी म्हणायची, "मास्तरांनू, माका वाशीची पट्टी पडताळूची आसा." पट्टी म्हणजे वाशीच्या बाजारातल्या अडत्याने (दलालाने) आंबा विकून पाठवलेला हिशोबाचा कागद. मेलात! आता एक्सेलमध्ये तारीख, पेट्या, भाव, भाडं, हमाली, अडत (अडत्याची दलाली) असे रकाने पाडा. पाच डझनी आणि सहा डझनी पेटीचा भाव वेगळा, म्हणून ओळही वेगळी. शेवटच्या रकान्यात पेट्या गुणिले भाव, त्यातून खर्च वजा. सूत्र एकदाच लिहून खाली ओढलं की हंगामाचा हिशोब समोर. काकी पहिल्यांदा रकान्यात '40 पेट्या' असं लिहील. गुणाकार लगेच बोंब मारेल, पण 'सम'ची बेरीज त्या 40 पेट्या गुपचूप गाळेल. एक्सेलला तो आकडा नव्हे, मजकूर वाटतो. रकान्यात नुसता आकडा, 'पेट्या' वर मथळ्यात, एवढंच सांगायचं असतं. पण हे कळलं तर काकी पुढच्या पट्टीला अडत्याला फोन लावेल. उगाच कशाला लोकांचे संबंध बिघडवा?

होमस्टेवाल्या वहिनींना इंटरनेटचा इतिहास द्या. "ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका," असा फोन त्यांना येणारच आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य दहा सेकंदांत संपतं. उरलेला तास काय करणार?

सातबाऱ्याचंही तेच. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो म्हटल्यावर तालुक्याला जायचं निमित्त गेलं, आणि येताना खायच्या भज्यांचंही.

एवढं करूनही काकी शेवटच्या दिवशी पट्टीचा कागद घेऊन आलीच, तर तो उलटा करा. मागची बाजू कोरी असते. सीपीयूचं चित्र काढून भागांना नावं द्यायला सांगा.