ड्रायव्हर कुठे झोपणार?

कोकणातले फोटो टाकल्यापासून रोज कुणीतरी इनबॉक्समध्ये रूट विचारतंय. सांगते. पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगर, तिथून शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीजवळचं मुरुड. तिसऱ्या दिवशी दाभोळची फेरीबोट, गुहागर, हेदवी, तवसाळहून पुन्हा फेरीबोट, जयगड आणि गणपतीपुळे. मग आरे-वारे, रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत. आई आणि मावशी दोघींनाही पासष्टीनंतर असा सलग समुद्र पहिल्यांदाच बघायला मिळाला. जरूर जा.

पण जाण्याआधी हे वाचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

आम्ही गाडी ड्रायव्हरसकट ठरवली होती. ड्रायव्हरकाका पन्नाशीचे, मूळचे भोरकडचे, वीस-बावीस वर्षं याच धंद्यात. बुकिंगच्या वेळी मी एसी चालतो का, किलोमीटरला दर काय, टोल-पार्किंग कुणाकडे, नाईट हॉल्टचा भत्ता किती, सगळं बारकाईने विचारलं. भत्ता रात्रीला 400 रुपये ठरला. तो दिला की आपलं काम झालं, असं माझ्या डोक्यात होतं. पहिल्या रात्री दिवेआगरला बॅगा उतरवून काका म्हणाले, "माझं मी बघतो ताई, तुम्ही आराम करा." मीही बरं म्हटलं आणि जेवायला गेले.

मुरुडला दुसऱ्या रात्रीनंतर पहाटे साडेपाचला मला जाग आली. किनाऱ्यावर जायचं म्हणून फाटकाबाहेर पडले, तर आमची गाडी माडाखाली उभी. खिडक्यांच्या काचा दोन-दोन बोटं खाली. एका काचेत ओला टॉवेल अडकवलेला, बाहेर पुढच्या चाकापाशी डासांच्या कॉइलची राख. काका पुढची सीट मागे पाडून, पाय डॅशबोर्डवर टाकून झोपले होते. काचांवर खारं दव, आत नुसता घाम. चाहूल लागताच ते उठले आणि शर्ट नीट करत म्हणाले, "सवय आहे ताई आम्हाला." आंघोळीचं विचारलं, तर म्हणाले एसटी स्टँडवर बघेन काहीतरी.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकांकडे गेले. ते भले माणूस, आम्हाला आग्रहाने मोदक वाढणारे. ते सहज म्हणाले, "ड्रायव्हरसाठी आमच्याकडे सोय नसते हो, कुणी विचारत नाही." त्या वाक्यात वाईट हेतू काहीच नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. कुणी विचारत नाही, त्यात मीही आले.

आणि तो माणूस दिवसभर काय करतो, ते आम्ही मागे बसून बघत होतो. दिवेआगर ते मुरुड जेमतेम शंभर किलोमीटर. हायवेवर हे दोन तासांचं काम. इथे आमचा अख्खा दिवस गेला. आंजर्ल्याच्या वाडीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, समोरून एसटी आली, काकांनी आरसे मिटले आणि गाडी उलटी नेत नेत रुंद जागेपर्यंत आणली. मावशीने डोळे मिटून घेतले होते. फेरीबोटीवर रिव्हर्समध्ये चढायचं, ओल्या रॅम्पवर, समोर एक पोरगा हात हलवून दाखवतोय आणि दोन फुटांवर पाणी. किनाऱ्याच्या रस्त्यावर दमणूक किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही. ती वळणांत असते, चढ-उतारात असते, बोट सुटेल म्हणून केलेल्या घाईत असते. आणि आपला हिशोब मात्र किलोमीटरचा.

तिसऱ्या दिवशी गुहागर झाल्यावर मीच म्हटलं, हेदवीला बामणघळ बघू, ती खडकातली अरुंद घळ, भरती आहे, पाणी उंच उडतं. काका काही बोलले नाहीत. देऊळ झालं, घळ झाली. तवसाळकडे जाताना एका चढावर त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, इंडिकेटर लावला आणि म्हणाले, "ताई, पाच मिनिटं. तोंडावर पाणी मारतो." त्यांनी बाटलीतलं पाणी डोळ्यांवर मारलं, मान मागेपुढे केली आणि गाडीला टेकून उभे राहिले. मागच्या सीटवर माझी आई पेंगत होती. दोन रात्री न झोपलेल्या माणसाच्या हातात मी तिला दिलं होतं. चूक त्यांची नव्हती. उलट ते थांबले, हे त्यांचे उपकार. किती जण "पुढची बोट चुकेल" या धाकाने थांबत नसतील!

हे नवं काही नाही. 1961 सालीच आपल्या देशात मोटार परिवहन कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि रात्री मुक्काम करावा लागतो तिथे झोपायची सोय कामावर ठेवणाऱ्या मालकाने करायची, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना. एक-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर त्यात बसतच नव्हते, आणि आपण टूरला घेतो त्या कितीतरी गाड्या नेमक्या तशाच असतात. तमिळनाडूने 2023 साली बांधकामाच्या नियमांत बदल करून हॉटेल-लॉजना पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी झोपायची आणि स्वच्छतागृहाची सोय बंधनकारक केली. आपल्या महाराष्ट्राला एवढा मोठा किनारा, रेवस ते रेडी सागरी मार्गाची चर्चा मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून. रस्ता रुंद होईल, खाड्यांवर पूल येतील, गाड्या दुप्पट होतील. त्या गाड्या चालवणारे रात्री कुठे जाणार, हेही त्याच कागदावर यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, भत्ता देतो ना. सीझनला त्या किनाऱ्यावर 400 रुपयांत खोली मिळवून दाखवा. आणि भत्त्यातून चार पैसे वाचले तर घरी जातात, म्हणून मिळाली तरी ते खोली घेणार नाहीत. त्यामुळे पैसे नकोत, खाटच हवी. कोकणातल्या घरगुती सोयवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पडवीत एक खाट, पंखा, मच्छरदाणी आणि न्हाणीघराची किल्ली. एवढ्याने तुमचं काही अडणार नाही.

जेवणाबद्दल एक. मी काकांना आमच्याच टेबलावर बसा म्हणून दोनदा आग्रह केला. ते नीट जेवेनात. नंतर म्हणाले, "वेगळं बसलो की मोकळं वाटतं." मग मी हट्ट सोडला. थाळी तीच, बसायची जागा त्यांच्या मनाची.

गणपतीपुळ्याला पोचण्याआधीच मी फोन केला. तिथल्या काकू म्हणाल्या, "मागच्या पडवीत खाट आहे, चालेल का त्यांना?" काका साडेआठला जेवले आणि झोपले, ते सकाळी साडेसहालाच उठले. आंघोळ, चहा, पोहे. आरे-वारेला वरच्या वळणावर गाडी थांबवली तेव्हा पहिल्यांदाच ते आमच्याबरोबर उतरले. सुरूच्या बनापलीकडे दोन्ही किनारे दिसत होते. त्यांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समुद्राकडे धरून म्हणाले, "बघ, आत्ता कुठे आहे मी."

डिसेंबरात मालवणला जायचंय. काकांनाच सांगितलंय. परवा तारकर्लीला तीन ठिकाणी फोन केले, प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच. दोघे नाही म्हणाले. तिसऱ्याने जरा थांबून विचारलं, "माळ्यावरची खोली आहे, पंखा लावून ठेवतो. चालेल?"

तिथेच बुकिंग केलं.