सेगांतिनीचा वसंत ठिपक्यांचा नाही

चित्रकार जिओव्हान्नी सेगांतिनीचं 'आल्प्समधला वसंत' (1897) हे चित्र कुठेही दिसलं की त्याखाली तोच मजकूर चिकटवलेला असतो: 'पांढऱ्या कॅनव्हासवर शुद्ध रंगांचे ठिपके, ते डोळ्यात मिसळून मूळ रंगापेक्षा तेजस्वी होतात. बाकी साधं निसर्गचित्र, प्रतीकवाद नावापुरता.' यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी ठिपके. ते जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांत आहेत. सेगांतिनीचे फटकारे लांब, बारीक, दोऱ्यासारखे. गवताला गवताची दिशा, उताराला उताराची. ठिपक्याला दिशा नसते, हा फरक मोठा आहे.

पांढरा कॅनव्हास? त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तो कॅनव्हासला आधी लाल मातीच्या रंगाचे एक-दोन हात द्यायचा. मग त्यावर बारीक, दाट फटकारे, मध्ये फटी सोडून. आणि त्या फटकाऱ्यांचा रंग शक्यतो ओला असतानाच फटींत पूरक रंग, म्हणजे रंगचक्रावर त्याच्या समोरचा. पांढऱ्यावर असं करून बघा: उरलेल्या फटी खडूसारख्या दिसतात आणि सगळं चित्र फिकटतं. लालसर अस्तर असलं की हिरव्या-निळ्यातून ऊब डोकावते. अस्तर मात्र पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर लाल वर ओढला जातो आणि आकाशाचा चिखल होतो.

'मूळ रंगापेक्षा तेजस्वी' हे तर भौतिकशास्त्रालाच धरून नाही. शेजारचे दोन रंग लांबून बघताना डोळा त्यांची सरासरी काढतो. उजळपणा दोघांच्या मधला येतो. पिवळा आणि जांभळा निम्मेनिम्मे ठेवलेत तर दहा फुटांवरून राखाडीच दिसणार. फायदा एवढाच, की पॅलेटवर कालवल्यावर रंग जितका काळवंडतो तितका इथे काळवंडत नाही. म्हणून पूरक रंग चिमूटभरच हवा.

(मूळ चित्र सेंट मॉरिट्झच्या सेगांतिनी संग्रहालयात आहे, असंही कुणीकुणी जोडतं. ते 2019 पासून लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.)

राहिला प्रतीकवाद, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टींतून न दिसणारा अर्थ सुचवणं. वसंत म्हणजे फुलं माळलेली युवती, अशी सवय असेल तर इथे काहीच सापडणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या सोल्यो गावाजवळचा देखावा, सुमारे साडेसात फूट रुंद. एक शेतकरीण दोन दणकट घोडे नांगरटीवरून परत आणतेय. मागे ताज्या उकरलेल्या मातीत एक माणूस बी फेकतोय, कुत्रा राखणीला आहे. आणि त्या पेरणीच्या वर, शिखरांवर, अजून बर्फ आहे.