साहेबांना पाण्यात पाहणारे

फायटर मासा एकटा राहतो. दुसरा नर दिसला की भांडतो, आपलंच प्रतिबिंब दिसलं तरी भांडतो आणि उरलेला वेळ पानावर टेकून पडून राहतो. ऑफिसात ही कामं करायला माणसं असताना माशाची काय गरज, असं कुणालाही वाटेल. पण बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याने जाताना काचेचा गोल बाउल, त्यातला निळा-लाल फायटर आणि ‘याला काही करावं लागत नाही’ हे वाक्य, असा तिहेरी चार्ज माझ्याकडे दिला. चार्ज घेताना माणूस कागदपत्रं तपासतो, वाक्यं कोण तपासतं?

या वाक्याच्या मुळाशी थायलंडची भाताची खाचरं आहेत. फायटर तिथल्या खाचरांत आणि दलदलीत राहणारा. पाणी उथळ, म्हणून लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की याला वाटीभर पाणी पुरतं. खाचर उथळ असलं तरी शेतभर पसरलेलं असतं, हा तपशील वाटेत कुठेतरी सांडला. शिवाय याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. त्याच्या जोरावर तो वर येऊन थेट हवेतला श्वास घेतो आणि इतर मासे गुदमरतील अशा पाण्यातही तग धरतो. तग धरतोय, म्हणजे याला हे चालतं, असा निष्कर्ष काढायची पद्धत आमच्या ऑफिसात माणसांनाही लागू असल्यामुळे मला ती लगेच ओळखू आली.

थोडं वाचल्यावर यादी निघाली. निदान २० लिटरची टाकी. वर झाकण, कारण हा उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेला जागा. पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश, तेही स्थिर. लांब परांमुळे प्रवाह सोसत नाही, म्हणून हळू चालणारा स्पंज फिल्टर. टेकायला रुंद पानांची झाडं, लपायला आडोसा, रात्री अंधार. अंगावर वारा नको, आजूबाजूला गडबड नको. यातली एकही सोय माझ्या टेबलाला नव्हती, आणि मी तिथे बरीच वर्षं तग धरून होतो.

नाव ठेवण्यासाठी रीतसर मतदान झालं. ते निकालाशिवाय बरखास्त झालं, आणि मग नाव आपोआप पडलं. काचेच्या केबिनमध्ये दिवसभर एकटा बसतो, मधूनच वर येऊन तोंड उघडतो, समोर कुणी आलं की कल्ले फुगवतो. ‘साहेब’ याखेरीज दुसरं नाव शोभलंच नसतं. अडचण एवढीच, की आमचे खरे साहेब त्याच मजल्यावर बसतात. ‘साहेबांचं पोट फुगलंय, उद्या उपास’ किंवा ‘साहेबांना कालपासून झालेली नाही’ ही वाक्यं वैद्यकीयदृष्ट्या अचूक होती. फायटरला जास्त खाणं पडलं की बद्धकोष्ठ होतं आणि एक दिवस उपाशी ठेवलं की बहुधा उतार पडतो. पण ती वाक्यं नेमकी खरे साहेब मागून जात असतानाच का बोलली जावीत, हे मला उलगडलेलं नाही.

टाकी आली म्हणजे संपलं, असं नसतं. आधी ती ‘सायकल’ व्हावी लागते. माशाच्या शरीरातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि पाणी बदलून काढून टाकता येतं. या जिवाणूंची वस्ती फिल्टरच्या स्पंजात बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण अखंड काम करतात. ऑफिसात मी हा प्रकार पहिल्यांदाच पाहत होतो.

वस्ती बसेपर्यंत पाणी सारखं तपासायचं आणि थोडं थोडं बदलायचं. अमोनियासाठी परीक्षानळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले मोजून थेंब टाकायचे, हलवायचं आणि पाच मिनिटांनी रंग पाहायचा. हिरवा आला तर अमोनिया आहे, पिवळा आला तर नाही. म्हणजे बातमी जितकी चांगली, तितकी नळी पिवळी. नळ्या धुवायला बेसिन लागतं आणि बेसिन स्वच्छतागृहात असतं. तेव्हा स्वच्छतागृहातून बाहेर पडणारा, हातातली पिवळी नळी उजेडात धरून निरखणारा आणि समाधानाने हसणारा इसम, अशी माझी ख्याती झाली. एका सहकाऱ्याने आपल्या डॉक्टरांचा नंबर गुपचूप टेबलावर ठेवला. एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून ‘घरी सगळं ठीक आहे ना? हे आपल्या दोघांतच राहील,’ असं अत्यंत मायेने विचारलं. ‘मॅडम, ते साहेबांचं आहे,’ असं मी म्हणालो. तो खुलासा करायला मला फार वेळ लागला. दरम्यान विक्री विभागात कंपनी आता सगळ्यांचीच तपासणी करणार अशी बातमी गेली, आणि तिथली दोन-चार माणसं तातडीने रजेवर गेली.

खाण्याचा प्रश्न याहून बिकट. फायटरला दिवसातून दोनदा दोन-तीन बारीक दाणे पुष्कळ होतात. पण तो माणूस दिसला की काचेपाशी येऊन असा काही वळवळतो, की पाहणाऱ्याला वाटावं, याला जन्मल्यापासून कुणी विचारलेलंच नाही. अकाउंट्समधल्या एका गृहस्थांचं काळीज यात विरघळलं. खर्चाच्या बिलातली टॅक्सीची पावती दहा वेळा परत पाठवणारा हा माणूस माझ्या पाठीमागे साहेबांना हात सैल सोडून खाऊ घालत होता. अमोनियाची नळी हिरवी येऊ लागली, तेव्हा मी टाकीवर ‘साहेबांचं जेवण झालेलं आहे’ अशी पाटी लावली. खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘कधी?’ असं लिहिलं. मग तारीख, वेळ, दाण्यांची संख्या आणि सही असा तक्ता करावा लागला. ऑफिसातला वेळेवर भरला जाणारा तो एकमेव तक्ता होय. त्यातही अकाउंट्सच्या गृहस्थांनी एकदा ‘मागील शिल्लक: एक दाणा’ अशी नोंद करून ठेवली होती.

रात्रीचे सुरक्षारक्षक हा स्वतंत्र विषय आहे. सगळे गेल्यावर मजल्यावरचं प्रत्येक बटण बंद करायचं, ही त्यांची निष्ठा. त्यात टाकीतलं पाणी कोमट ठेवणारा हीटरही आला. मी बटणाशेजारी ‘कृपया हे बटण बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. सकाळी येऊन पाहतो तो बटण बंद, आणि थोडी तिरकी लागलेली माझी चिठ्ठी मात्र कुणीतरी नीट सरळ करून ठेवलेली.

शेवटी मी प्रशासनाला ईमेल केला. माझ्या डोक्यावरच्या एसीच्या झोताबद्दल मी यापूर्वी अनेकदा लिहिलं होतं आणि दर वेळी ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असं उत्तर आलं होतं. या वेळी लिहिलं, की साहेब पृष्ठभागावर येऊन श्वास घेतात, त्यांना गार झोत बाधतो. अर्ध्या तासात माणूस शिडी घेऊन आला आणि झोताचं तोंड फिरवून गेला. हीटरच्या बटणावर झाकण बसलं. रात्रपाळीचे दिवे टाकीवर पडतात, म्हटल्यावर ते दिवेही काढले. फोटोकॉपीच्या यंत्राचा खडखडाट साहेबांना मानवत नाही असं कळवलं, तेव्हा यंत्र दुसऱ्या टोकाला गेलं. मला शेजारचं यंत्र कधीच मानवलं नव्हतं. पुढेपुढे माझी पाठ दुखायला लागली, तेव्हा साहेबांना उंच खुर्चीची गरज कशी पटवावी, यावर मी गंभीरपणे विचार करत होतो.

एका बाबतीत मात्र साहेबांनी मला कामाला लावलं. टाकी मॉनिटरच्या शेजारी. मॉनिटर चालू असला तर ठीक. तो काही मिनिटांनी झोपला, की पडद्याचा काळोख मागे येऊन टाकीच्या काचेचा आरसा होतो आणि साहेबांना समोर प्रतिस्पर्धी दिसतो. मग कल्ले फुगवून, पर पसरून घमासान सुरू. दोन-चार मिनिटं असा व्यायाम ठीक, पण तासन्‌तास चालला तर मासा थकतो. तेव्हा पडदा झोपू नये म्हणून मी बसल्याबसल्या माउस हलवत राहू लागलो. त्यामुळे कंपनीच्या प्रणालीत माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका सकाळपासून संध्याकाळपर्यंत विझेना. वार्षिक मूल्यमापनात खऱ्या साहेबांनी ‘कामातील सातत्य लक्षणीय’ असा शेरा दिला.

पाहुणे आले की साहेब दाखवायचे, अशी प्रथाच पडली. मग मी त्यांचा सेवावृत्तान्त सांगतो. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे तिसरे राम यांच्याकडचे असे मासे १८४० मध्ये थिओडोर कँटॉर या डॅनिश डॉक्टरकडे पोचले. कँटॉरने लिहिलेल्या वर्णनात दुसऱ्याच एका जातीशी गल्लत झाली. ती निस्तरून ‘बेटा स्प्लेंडेन्स’ हे स्वतंत्र नाव द्यायला चार्ल्स टेट रीगन या मत्स्यशास्त्रज्ञाला १९१० साल उजाडावं लागलं. नावातली दुरुस्ती व्हायला इतकी वर्षं लागली, यावर पाहुणे चकित होतात. आमच्या लोकांना काहीच वाटत नाही. २०१९ मध्ये थायलंडने याला राष्ट्रीय जलचर घोषित केलं, हे सांगितल्यावर मात्र खरे साहेब टाकीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

मग एके दिवशी पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका दिसला. टाकीत कुणी साबण टाकला, म्हणून आधी चौकशी झाली. तो साबण नव्हता, घरटं होतं. फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं बांधतो, अंडी त्यात नेऊन ठेवतो आणि पिल्लं पोहू लागेपर्यंत राखण करतो. मादीचं काम अंडी देण्यापुरतंच. हे कळल्यावर कार्यालयातल्या बायकांत साहेबांची पत एकदम वाढली आणि काही विवाहित पुरुष टाकीच्या बाजूने जायचं टाळू लागले. पाठोपाठ ‘याचं लग्न करून टाका’ असा आग्रह सुरू झाला. मी सांगितलं, मादी कायमची एका टाकीत ठेवली तर नर तिला मारतो, जीवही घेतो. त्यावर निवृत्तीला आलेले एक ज्येष्ठ सहकारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘अरे, सुरुवातीला सगळ्यांचंच तसं असतं.’’

आता ऑफिसात नवं धोरण आलंय. कुणालाही ठरलेली जागा नाही, रोज येईल त्याने मिळेल त्या टेबलावर बसायचं. टाकी मात्र हलवता येत नाही. पाणी, खडी आणि काच मिळून पंचवीस किलोच्या वर वजन, आणि भरलेली टाकी उचलली तर सांधे ताणून गळती लागते. त्यामुळे नव्या नकाशात अख्ख्या मजल्यावर एकच कायमची जागा आहे, साहेबांची. शेजारची खुर्ची त्यांच्या देखभालीसाठी राखीव ठेवली आहे आणि तिच्यासाठी इच्छुकांकडून अर्ज मागवले आहेत.

मीही अर्ज केलाय. अनुभवाच्या रकान्यात सायकल, नळ्या, माउस, सगळं लिहिलं. निकाल लागायचा आहे. अकाउंट्सच्या गृहस्थांचाही अर्ज आहे असं कळतं, आणि काल त्यांच्या टेबलावर दाण्यांचा नवा डबा पाहिला.