मेजर, आता काय करताय?

१४ जानेवारीला तिळगूळ वाटताना कुणाच्या ध्यानात येत नाही, पण तो माजी सैनिक दिनही असतो. १९५३ मध्ये त्या तारखेला करिअप्पा सेनाप्रमुखपदावरून निवृत्त झाले, म्हणून. गेली काही वर्षं आमच्याकडेही कार्यक्रम होतात. शाल, श्रीफळ, फोटो, दोन भाषणं. वाईट काहीच नाही त्यात. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाने उठून करायचं काय, हे कुणी बोलत नाही.

मी फौजीची मुलगी आहे, त्यामुळे जरा चिडून लिहितेय. सांभाळून घ्या.

पेन्शनवर आलेला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे म्हातारा येतो. प्रत्यक्षात शिपाई, नाईक, हवालदार यांतले बहुतेक जण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या मधे घरी येतात. फौज तरुण राहावी म्हणून नियमच तसे आहेत. आमचे आप्पा सिग्नल्समधून, म्हणजे फौजेच्या दळणवळण विभागातून, हवालदार म्हणून आले तेव्हा मी शाळेत होते. तोवर आप्पा म्हणजे रजेवर येणारा माणूस. काळी ट्रंक, अक्रोड, आणि महिनाभर घरात गोडधोड. कायमचे आले तेव्हा कळलं की घर त्यांच्याशिवाय चालायला शिकलंय. सोसायटीचं कर्ज, उसाची तोड, लाइटबिल, आमच्या फिया, सगळं आईच्या हातात. आप्पा पहाटे उठून सगळ्यांना उठवायचे. एकदा आई म्हणाली, "अहो, ही काय बराक हाय व्हय?" आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत.

पाहुण्यारावळ्यांना त्यांची आठवण यायची ती फौजी कॅन्टीनच्या, म्हणजे सैनिकांना स्वस्तात मिळणाऱ्या सामानाच्या, कोट्यापुरती. "मेजर, या महिन्याचा कोटा उचलला का?" (आमच्याकडे शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळे मेजरच.) तोच माणूस रोज पारावर दिसायला लागला की मग दुसरा प्रश्न, "आता काय करताय?"

मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी. बर्फात तुटलेली लाइन शोधून जोडणारा माणूस गाड्यांचे नंबर लिहीत बसला. त्या कामाला मी कमी लेखत नाही, त्याच पगारावर माझं कॉलेज झालंय. माझा राग आपल्या डोक्यातल्या आळसावर आहे. माजी सैनिक म्हटलं की गेट, याच्यापुढे आपला विचार जात नाही. राज्याचं माजी सैनिक महामंडळ आहे, मेस्को, त्याचंही मोठं काम सुरक्षारक्षक पुरवण्याचंच. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी चाळिशीत बाविशीच्या पोरांसारखं पुस्तकाला बसावं लागतं. सगळ्यांना नाही जमत. फौजेत इंजिन उघडणारे ईएमईवाले असतात, नर्सिंग असिस्टंट असतात, पूल बांधणारे सॅपर असतात, हजार माणसांचा लंगर चालवणारे असतात. गावात आल्यावर या सगळ्यांचं एकच होतं, शिट्टी आणि काठी.

आप्पा गावी परतले ते गुडघ्यामुळे. आणि त्यांचं बस्तान बसलं ते नळपाणी योजनेमुळे! विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा जळायचा, वायरमन तालुक्याहून यायचा, तोवर बाया घागरी घेऊन ताटकळत. आप्पांनी एकदा पॅनल उघडलं. पुढच्या वेळी सरपंच स्वतः घरी आले. हळूहळू वेळापत्रक, व्हॉल्व्ह, गळती, सगळं त्यांच्याकडे आलं. मानधन विचाराल तर हसाल. पण बायका दारातून ओरडून विचारतात, "आप्पा, पाणी कवा सुटणार?" आणि ते मिनिटासकट सांगतात. घरातली आरडाओरड त्याच सुमारास कमी झाली.

राळेगणसिद्धीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अण्णा हजारे फौजेत ड्रायव्हर होते, पासष्टच्या लढाईत थोडक्यात वाचले, परत आल्यावर स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं, मग पाणलोटाची कामं. त्यांच्या नंतरच्या आंदोलनांबद्दल कुणाला काहीही वाटो, मला त्यात एवढंच दिसतं की आलेल्या फौजीला गाव मिळालं आणि गावाला तो.

आमच्याच सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे उभा आहे. पडलेल्यांची आठवण आपण ठेवतो. जिवंत परतलेल्यांशी काय बोलावं ते आपल्याला सुचत नाही. आप्पा मनातलं बोलतात ते जुन्या युनिटवाल्यांशीच. कॅन्टीनच्या दिवशी चार जण जमतात, सामान तासात मिळतं, आप्पा संध्याकाळी येतात. आई आता विचारत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण अग्निवीर, म्हणजे चारच वर्षांसाठी फौजेत घेतलेली पोरं. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता संपता पुरी होतात. जास्तीत जास्त २५ टक्के आत राहणार, बाकीचे प्रत्येकी साधारण पावणेबारा लाख रुपये घेऊन बाहेर. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे चौघांना जमवणारं ते कॅन्टीनसुद्धा नाही. पोरं पंचविशीच्या आसपासची असतील. पैसे बघून गाडी घ्यायला लावणारे मित्र त्यांना आपोआप भेटतील. भरती अकॅडम्या काढणारेही निघतील, पण एका तालुक्यात चालून चालून किती अकॅडम्या चालणार?

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी एक साधी वही मागणार आहे. गावात कोण कोण फौजेतून आलंय, कुठल्या ट्रेडमध्ये होतं, हाताला काय येतं, एवढंच त्यात लिहायचं. शाळेला, दवाखान्याला, पूर आला तर होडी हाकायला माणूस लागला की आधी ती वही उघडायची. तुमच्या गावात असं काही चालू असेल तर खाली लिहा, कसं जमवलंत तेही लिहा. आमचे ग्रामसेवक आत्ताच विचारतायत, ही वही कुठल्या योजनेत बसते म्हणून.