बादली ३०४ मध्ये आहे

हॉटेलच्या बाथरूममध्ये मला शॉवर कॅप मिळाली, कंगवा मिळाला, कान कोरायच्या काड्या मिळाल्या आणि सुईदोऱ्याची एक इवलीशी डबी मिळाली. डबीत दोन बटणंसुद्धा होती. बादली मिळाली नाही. प्लॅस्टिकचा मग नाही, तांब्या नाही, भिंतीला खाली साधा नळदेखील नाही. छताला परातीएवढा शॉवर, भिंतीत एक चकचकीत दांडा आणि मध्ये पंचा गुंडाळलेला मी.

भाचीच्या लग्नाला नाशिकहून पुण्याला आलो होतो. कार्यालय कर्वे रस्त्यावर, हॉटेल तिथून हाकेच्या अंतरावर. बायको आदल्या रात्रीच मेंदीच्या गोतावळ्यात कार्यालयावर मुक्कामाला गेलेली, त्यामुळे खोलीत मी एकटाच. त्यात मी मुलीचा मामा. मामाला लग्नात तसं काही काम नसतं, पण अंतरपाट धरल्यावर तो मुलीच्या मागे उभा नसला तर भटजींपासून वाढप्यांपर्यंत सगळे ‘मामा कुठाय?’ म्हणून ओरडतात. आणि नेमकं माझ्या उजव्या कानात औषध चालू होतं. थेंबभर पाणी आत जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे अंघोळ मानेखालून. बादली असती तर यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

रिसेप्शनला फोन लावला.

“सर, शॉवर आहे ना.”

“शॉवर डोक्यावर आहे.”

“हो सर. शॉवर डोक्यावरच असतो.”

“मला डोक्यावरून अंघोळ नाही करायची.”

पलीकडे जरा विचार झाला. “सर, शॉवर कॅप ठेवलीय बघा. कॉम्प्लिमेंटरी आहे.”

घालून पाहिली. टोपी डोक्यावर आणि दोन्ही कान बाहेर. कानांवर ओढली तर डोळे झाकले जात. आरशात जो गृहस्थ दिसला, त्याला मी तरी माझी भाची दिली नसती. शेजारी कमोडचा जेट लटकत होता. तो विचार मनाला शिवून गेला, नाही असं नाही, पण मुलीच्या मामाने त्या दिवशी त्या पाण्याने न्हावं हे काही पटेना. पुन्हा फोन लावला. आवाज चढवला. तेव्हा कुठे पोरगं खरं बोललं.

“सर, बादली आहे. पण ती ३०४ मध्ये आहे.”

“म्हणजे हॉटेलात बादली एकच?”

“ऑन रिक्वेस्ट असते सर.”

इथे मला जरा वेगळं बोलायचंय. आरशावर एक हिरवा स्टिकर होता, झाडाबिडाचं चित्र काढलेला. पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. वाचवतो की! अंघोळीची बादली म्हणजे पंधरा-वीस लिटर पाणी. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो, हा परातवाला त्याहून जास्तच ओतत असणार, आणि त्यातलं पहिलं मिनिट गार पाणी जाण्यातच वाया. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांत मिळून मावतं जेमतेम २९ टीएमसी, दर उन्हाळ्यात ‘पाणी जपून वापरा’ची हाकाटी. आणि पाणी वाचवणारी जी एकमेव वस्तू आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती हॉटेलवाल्यांनी हद्दपार केली. का? तर बादली दिसली की लॉज वाटतं! एवढंच कारण आहे. पलंगावर पायाकडे ती रंगीत पट्टी आडवी टाकतात, तिचा उपयोग आजवर कुणाला कळलाय? चार उशा देतात. एका माणसाला चार. पट्टी रोज इस्त्री करून टाकायची आणि बादली मागितली की ती ३०४ मध्ये.

गेलो ३०४ ला. बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

“बादली ना?” पंचाहत्तरीच्या पुढचे एक काका, पायजमा आणि वर बटणं न लावलेला शर्ट. “खालून फोन आला होता मला. या आत. पण ती रिकामी नाही.”

बादलीत धोतर भिजत होतं.

“किती वेळ लागेल?”

“साबण आत्ताच लावलाय. वीस मिनिटं मुरू द्यायला हवा. बसा.”

बसलो. कुठे बसायचं तेही काकांनीच दाखवलं, कारण ती खोली आता हॉटेलची राहिली नव्हती. पडद्याच्या दांडीपासून कपाटाच्या मुठीपर्यंत निळी नायलॉनची दोरी ताणलेली. तिच्यावर दोन बनियन, एक नॅपकिन, मोजे. प्रत्येकाला चिमटा. दाराच्या वरच्या कडेला इंग्रजी एसच्या आकाराचे दोन लोखंडी हूक, त्यांना कापडी पिशव्या. टीव्हीमागच्या प्लगमधून निघालेला एक्स्टेन्शन बोर्ड गालिच्यावरून उशाशी आलेला आणि त्याच्यावर मोबाइल, दाढीचं मशीन आणि चहाची किटली. पडदाही मधोमध चिमट्यांनी मिटवलेला.

“तुमचा पडदा मिटतो का?” काकांनी विचारलं.

“चार बोटं फट राहते.”

“मग सकाळी मेट्रो दिसली असेल.”

“हो, अगदी समोरून गेली.”

“मेट्रोलाही तुम्ही दिसलात.” एवढं बोलून त्यांनी मला दोन चिमटे काढून दिले. परत करायच्या बोलीवर.

मग माझं लक्ष दाराशी गेलं. कार्ड खुपसल्याशिवाय खोलीत वीज येत नाही, ती खाच असते ना, तिच्यात लग्नाची पत्रिका होती. चार घड्या घालून. गणपतीचं अर्धं डोकं वर आलेलं.

“ही चालते?”

“काहीही चालतं. यातल्या बहुतेकांत नुसतं एक बटण असतं, ते दाबलं गेलं की झालं. कार्डबिर्ड त्याला ओळखू येत नाही. आपण कार्ड घेऊन जेवायला जायचं, पत्रिकेने चार्जिंग सांभाळायचं.”

आदल्या रात्री मी मोबाइल चार्जिंगला लावून, कार्ड काढून, जेवायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर नऊ टक्के. बरं, तो प्लगही पलंगाच्या मागे, म्हणजे रांगत जाऊन, भिंतीला गाल लावून खुपसायचा. उशाशी एक प्लग द्यायला यांचं काय जातं? दर वेळी हॉटेलात गेल्यावर माणूस आधी देवाला नमस्कार करावा तसा गुडघ्यांवर बसून भिंती चाचपतो. राजवाड्यासारखा दिवाणखाना खाली बांधतील, पण उशाशी प्लग म्हटला की नाही.

काका वीज मंडळातून निवृत्त. मंडळाचे २००५ साली तुकडे होऊन महावितरण वगैरे झालं, ते त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. जन्म नारायण पेठेतला, बदल्या होत होत सांगलीला स्थायिक झाले. पेठेतला वाडा पाडून आता तिथे सातमजली इमारत आहे आणि पुतण्याच्या दोन खोल्यांत पाहुण्याला टेकायला जागा नाही. “स्वतःच्या गावात पैसे देऊन झोपतोय,” ते म्हणाले, पण चिमटे मोजता मोजता म्हणाले, त्यामुळे त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

धोतर मुरेपर्यंत पानशेत झालं. १२ जुलै १९६१. काका तेव्हा सातवीत. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, वाड्यात पाणी शिरलं, भांडीकुंडी गेली. “आणि पूर ओसरल्यावर पुण्यात प्यायला पाणी नाही! खडकवासलाच वाहून गेलेलं, येणार कुठून? माणसं बादल्या घेऊन वणवण फिरत होती. आमची एकच उरली. ती आई उशाशी घेऊन झोपायची.” माझी नजर घड्याळाकडे. नऊला फोटोग्राफरने मामाला बोलावलं होतं. पानशेतच्या पुरात माणसाला मध्येच तोडता येत नाही.

शेवटी धोतर निघालं. “धरा ते टोक,” काका म्हणाले. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ते, आणि आम्ही विरुद्ध दिशांनी पिळायला लागलो. साबणाचं पाणी माझ्या पायांवर. पाच वार कापड पिळून, झटकून, दोरीवर पसरून झालं, बादली विसळून झाली, मी ती उचललीही, आणि काकांनी कडीला हात घातला.

“तुमच्या गिझरला अर्थिंग आहे?”

“असेल की.”

“असेल म्हणजे? बघितलं नाहीत? आणि अंघोळ करणार?”

हातात बादली आहे, ती सोडून पळता येत नाही, अशा वेळी माणूस काय करतो? मी त्यांना माझ्या खोलीत घेऊन आलो. त्यांनी बरोबर एक टेस्ट लॅम्प आणला होता, म्हणजे होल्डर, बल्ब आणि दोन वायरी. गिझरच्या सॉकेटमध्ये एक वायर फेजला, एक अर्थला. बल्ब लागला तर अर्थिंग आहे.

बल्ब क्षणभर लुकलुकला आणि सगळ्या मजल्याची वीज गेली.

“उत्तम!” अंधारातून आवाज आला. “अर्थिंग आहे. करंट जमिनीत जातोय असं दिसलं की सर्किट ब्रेकर उडतोच. तीस मिलीॲम्पियरचा असणार. तुम्ही सुरक्षित आहात!”

बाहेर दारं उघडायला लागली. कुणाचा हेअर ड्रायर बंद पडला होता, कुणाची इस्त्री अर्ध्या परकरावर थांबली होती. एक बाई रिसेप्शनच्या नावाने जे बोलल्या, ते मंगलकार्याच्या दिवशी बोलू नये. काका शांतपणे वायर गुंडाळत होते. “मेन स्विच जिन्याखाली असतो,” जाता जाता ते म्हणाले, “पण ते मंडळाच्या अखत्यारीत येत नाही.”

गिझरमध्ये उरलेल्या पाण्यावर माझी अंघोळ झाली. शॉवरखाली बादली ठेवून, बाहेरून हात घालून दांडा फिरवायचा. निम्मं पाणी बादलीत, निम्मं माझ्या मनगटापासून काखेपर्यंत. अंगावर पाणी घ्यायला मग नव्हताच. काकांकडे त्यांचा स्वतःचा होता, पण तो ते देत नाहीत, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा हॉटेलच्या चहाच्या कपाने. कप म्हणजे तो, ज्यात दोन घोट चहा मावतो आणि बशीला चिकटून वर येतो. त्याने मी गळ्यापासून पायापर्यंत भिजलो. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात. नऊ टक्क्यांतले किती गेले, हे बघायचं धाडस केलं नाही.

एवढं करून मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा आणि हॉटेलचा चेकआउट बाराचा. आदल्या दिवशी दुपारी दोनच्या आत खोली दिली नव्हती, बॅगेवर बसवून ठेवलं होतं. म्हणजे चोवीस तासांचे पैसे आणि बावीस तासांची खोली. दोन तास साफसफाईला लागतात म्हणे. लागोत की, पण मग ते भाड्यातून वजा करा. तासभर जास्त मागितला तर अर्ध्या दिवसाचे पैसे सांगितले, वर त्यावर जीएसटी. सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला, हे रिसेप्शनवरच्या पोराने मला इतक्या उत्साहाने सांगितलं, जणू मी त्यासाठीच पुण्याला आलो होतो. बिलात शेवटी एक ओळ होती, ‘हाउसकीपिंग रिक्वेस्ट, ५० रुपये’. ही बादली. मी भांडलो. रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी घड्याळ दाखवलं. दिले पन्नास.

अक्षता पडल्या, सगळं यथासांग झालं, मामा जागेवर होता. पंगत बसली. समोरच्या रांगेत वरपक्ष. जिलबी वाढून होते न होते तोच तिकडून एक ओळखीचा आवाज आला. त्याच धोतरात, कडक पिळाच्या सुरकुत्यांसकट, ३०४. खाचेतली पत्रिका याच लग्नाची होती. काका जावईबापूंच्या आईचे सख्खे काका निघाले.

“हे मुलीचे मामा,” त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं, पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात. “सज्जन माणूस. पण अर्थिंग न बघता अंघोळीला निघाले होते!”

माझी बहीण मठ्ठा वाढत होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी द्रोण खालीच ठेवला. समोर सगळा वरपक्ष मान हलवत होता आणि काका हात पुसून खिशात काहीतरी शोधत होते.

“मामा,” ते म्हणाले, “माझे दोन चिमटे तुमच्याकडे राहिलेत.”