गुडघा दाबून हाड बळकट होत नाही

मणक्याला मार बसून पाय लुळे पडलेला पेशंट घरात असला, की दादरपासून दहिसरपर्यंत कुणी ना कुणी हा मेसेज पुढे पाठवतंच: ‘पाय वापरात नसल्याने हाडं ठिसूळ होतात. रोज दोनदा गरम तेलाने जोर लावून मालिश करा, गुडघा पूर्ण वाकेपर्यंत दाबा, कॅल्शियमच्या दोन गोळ्या द्या, अर्धा तास उभं करा. सहा महिन्यांत हाडं पहिल्यासारखी. हात चांगलेच असतात, त्यांची चिंता नको.’

पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच जिवावर पुढचं सगळं खपतं.

हाडं ठिसूळ होतात, पण सगळी सारखी नाहीत. सर्वांत जास्त झीज गुडघ्याच्या वर-खाली होते: मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. पहिल्या वर्ष-दीड वर्षात ती झपाट्याने होते आणि काही वर्षांत तिथलं हाड निम्म्यावर येऊ शकतं. पाठीचा कणा मात्र बराचसा वाचतो. म्हणून फक्त कण्याचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) काढून ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट हातात आला, तर त्यावर विसंबू नका. खुब्याचा काढायलाच हवा, आणि सोय असेल तर गुडघ्याचाही.

आता ‘गुडघा पूर्ण वाकेपर्यंत दाबा’. मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. घोटा धरून दाबलं की अख्खी नडगी पहारीसारखी काम करते. हाताला थोडाच वाटणारा जोर गुडघ्यापाशी कितीतरी पटीने पडतो, आणि हाड नेमकं तिथेच पोकळ झालेलं असतं. संवेदना नसल्यामुळे ‘दुखतंय, थांबा’ म्हणणारं कुणी नसतं. असं फ्रॅक्चर कूस बदलताना किंवा पँट चढवतानाही होतं. व्यायाम द्यायचाच, पण एक हात गुडघ्याखाली, दुसरा टाचेखाली. खुबा आणि गुडघा एकत्र, सावकाश वाकवायचे. अडलं तिथे थांबायचं. पायाचे स्नायू आपोआप आखडून झटका आला तर त्याच्याशी झुंजायचं नाही; पाय धरून ठेवायचा आणि तो ओसरू द्यायचा.

इजेनंतर साधारण पहिल्या ते चौथ्या महिन्यात सांधा, बहुतेकदा खुबा, अचानक कमी वाकायला लागला तर आणखी एक शक्यता असते: सांध्याभोवतीच्या स्नायूंत नको तिथे हाड तयार होणं. सुरुवातीच्या एक्स-रेत ते दिसत नाही. घरचे म्हणतात ‘जाम झालंय’ आणि जास्त दाबतात. त्याने सूज वाढते.

मानेच्या इजेत बोटांचा प्रश्न वेगळा. मनगट वर उचलता येतं पण बोटं हलत नाहीत, अशा पेशंटची बोटं किंचित आखडलेली राहू द्यायची असतात. मनगट वर केलं की ती आपोआप मिटतात आणि ग्लास धरता येतो. मालिशवाल्याने मनगट आणि बोटं एकदम मागे ताणून ‘मोकळी’ केली, की ही पकड गेली.

‘गरम तेल’: संवेदना नसलेल्या कातडीवर गरम तेल किंवा गरम पाण्याची पिशवी म्हणजे भाजण्याला आमंत्रण. कोमट तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. त्या निमित्ताने टाचा, माकडहाड नीट बघितलं जातं, हाच त्याचा खरा फायदा. मात्र एकच पाय सुजला, लाल किंवा गरम झाला, तर मालिश आणि व्यायाम दोन्ही बंद करून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रक्ताची गुठळी, फ्रॅक्चर आणि वर सांगितलेलं जास्तीचं हाड, तिन्ही बाहेरून सारखीच दिसतात. गुठळीवर मालिश केली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. फ्रॅक्चर निघालंच, तर रोज उघडून कातडी बघता येईल असा भरपूर कापूस घातलेला स्प्लिंट चालेल का, हे विचारा. पक्क्या प्लास्टरखाली झालेला बेडसोर कुणाला कळत नाही.

‘कॅल्शियमच्या दोन गोळ्या’ उलट जागी मारा करतात. सुरुवातीच्या महिन्यांत हाडातलंच कॅल्शियम रक्तात आणि लघवीत उतरत असतं. त्यात मनाने गोळ्यांची भर घातली तर मूतखड्याचा धोका वाढतो, कॅथेटर (लघवीची नळी) असला तर अधिकच. तरुण मुलांत रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, बद्धकोष्ठता, गुंगी येते. दूध बंद करायचं कारण नाही. ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पडून असलेल्याला ऊन कुठून मिळणार?

उभं करणं वाईट नाही. घोट्याचा ताठरपणा आणि झटके यांत काहींना बरं वाटतं. गेलेलं हाड त्याने परत येतं, याला भक्कम आधार नाही. बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा उभं करणार असाल, तर आधी गुडघ्यांचा एक्स-रे काढा. पायांच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन चालवायच्या सायकलनेही स्नायू भरतात, पण बंद केली की ओसरतात.

राहिले हात. बिचारे हातच पायांचं काम करतात, आणि खांदे त्यासाठी बनलेले नाहीत. चाकाची खुर्ची अशी हवी की रिमच्या माथ्यावर हात ठेवला असता कोपर 100 ते 120 अंशांत राहील. ढकलताना लांब, सलग फेक. बारीक बारीक झटके नकोत. बूड हलकं करायला हातांवर अंग उचलण्यापेक्षा पुढे किंवा बाजूला झुकून दोन मिनिटं राहा. पलंग खुर्चीच्या उंचीचा करून घ्या, मध्ये गुळगुळीत फळी टाका. आणि मदत करणाऱ्याने काखेत हात घालून ओढायचं नाही. कमरेला पट्टा बांधून तो धरायचा.