"गोळी न घेता डॉक्टरकडे जा" म्हणणाऱ्या मेसेजला दवाखान्याच्या काउंटरवरून उत्तर

गेले पंधरा दिवस एकच मेसेज मला सगळीकडून येतोय, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर. वर लिहिलंय "डॉक्टरकडे जाताना हे लक्षात ठेवा, फसवणूक होणार नाही". खाली पाच मुद्दे. फॅमिली डॉक्टर सर्दी-खोकल्यापुरता, बाकी कशालाही थेट स्पेशालिस्ट गाठा. जायच्या आधी फुल बॉडी चेकअप करून रिपोर्ट हातात घेऊनच जा. त्या दिवशी बीपी-शुगरच्या गोळ्या घेऊ नका, म्हणजे खरा आकडा कळतो. जुने कागद दाखवू नका आणि सगळं सांगत बसू नका, चांगला डॉक्टर स्वतःच ओळखतो. आणि आयुर्वेदिक, घरगुती काही घेत असाल तर सांगायची गरज नाही, त्याला साइड इफेक्ट नसतो.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात १४ वर्षं केसपेपर काढते, नंबर लावते, वजन आणि बीपी घेते. हा मेसेज वाचून लोक काय करतात ते मला रोज काउंटरवर दिसतं, म्हणून लिहायला बसले.

गोळीचं आधी घेते कारण सगळ्यात जास्त धोका तिथे आहे. मागच्याच आठवड्यात एक काका आले, नेहमीचे पेशंट, नेहमी बीपी १३०-८० च्या आसपास. मी घेतलं तर १८० वर ११०. पाच मिनिटं बसवून परत घेतलं, तेवढंच. म्हटलं काका, सकाळची गोळी घेतली ना? तर म्हणाले, दोन दिवस बंद केलीय, आज खरं काय ते कळू दे म्हणून. आता हे मी विचारलं नसतं आणि त्यांनी सांगितलं नसतं तर डॉक्टरांना वाटलं असतं की गोळी पुरत नाहीये, आणि डोस वाढला असता, आणि काकांनी घरी जाऊन जुनी गोळी परत चालू करून वर वाढीव डोस घेतला असता तर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडायला वेळ लागला नसता. अहो, डॉक्टरांना हेच तर बघायचं असतं, की गोळी चालू असताना तुमचं बीपी किती राहतं. गोळी बंद करून आलेला आकडा खरा असेल पण तो त्या दोन दिवसांचा, तुमच्या रोजच्या आयुष्याचा नव्हे. आणि बीपीच्या काही गोळ्या, अॅटेनोलॉल मेटोप्रोलॉल सारख्या, अचानक सोडल्या की बीपी आणि ठोके उलट उसळी मारतात, हृदयाचा त्रास असलेल्याला तर ते जड जातं.

शुगरचं थोडं वेगळं आहे. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसायचं नाही, शुगर एकदम खाली येऊ शकते, गोळी डब्यासोबत बरोबर आणायची आणि रक्त दिल्यावर खाताना घ्यायची. जेवणानंतर दोन तासांनी जे रक्त घेतात त्यासाठी मात्र नेहमीचं जेवण, नेहमीची गोळी. त्या दिवशी मुद्दाम भात-चपाती सोडून काकडी खाऊन येणारे कमी नाहीत. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी टेस्ट असते तिला उपाशी राहावंच लागत नाही, लोक उगीच चहाशिवाय कळवळत बसलेले असतात. तुमच्या कुठल्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करून विचारा, आम्ही सांगतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

खरा आकडाच हवा असेल ना, तर तो वेगळ्या मार्गाने मिळतो. यायच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, सिगरेट काही नको. लघवी लागली असेल तर जाऊन या, भरलेल्या लघवीनेही बीपी वर दाखवतं. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसा, पट्टा चालू असताना बोलू नका. दंड मोकळा करता येईल असं घालून या, स्वेटरच्या बाहीवर पट्टा बांधून चालत नाही. घरी मशीन असेल तर आठवडाभराचे आकडे वहीत लिहून आणा. दवाखान्यात नुसतं टेन्शननेच बीपी वाढणारे खूप असतात, त्यांच्यासाठी ती वही माझ्या एका रीडिंगपेक्षा जास्त कामाची.

आता थेट स्पेशालिस्ट. याला एक अपवाद आहे, तो आधीच सांगते. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, एका हातातली ताकद गेली, तर आमच्याकडे नंबर लावू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठं हॉस्पिटल गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यात अर्धा तास आमच्या बाकड्यावर गेलेला परवडत नाही.

पण बाकी वेळेला? चक्कर येते, तर स्पेशालिस्ट कुठला? कानाचा, मेंदूचा, हृदयाचा, का मानेचा? एका आजींचं सांगते. तीन महिने चक्कर. मुलाने आधी कानवाल्यांकडे नेलं, मग हाडाच्या डॉक्टरांकडे मानेचा एक्सरे, गळ्यात पट्टा. शेवटी आमच्याकडे आल्या त्या हातात मेडिकलची पातळ पिशवी घेऊन, त्यात घरातल्या सगळ्या गोळ्या कोंबलेल्या. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. एक पांढऱ्या पाकिटातली, एक निळ्या, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आणि मागे दोन्हीवर तेच, टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीचीच गोळी. एक जुनी आमची, दुसरी लेकीकडे पुण्याला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी दिलेली, कारण तिथे कागदच नेले नव्हते. आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. उभं करून बीपी घेतलं तर वरचा आकडा ९५. एक स्ट्रिप बंद झाली, आठवड्याने बीपी जागेवर आलं आणि गळ्यातला पट्टाही निघाला. यात कानवाले किंवा हाडवाले चुकले असं मी म्हणत नाही, त्यांच्यासमोर ती पिशवी कुणी ठेवलीच नव्हती.

म्हणून जुने कागद दाखवू नका हे वाचलं की मला खरंच राग येतो. जुना कागद बघून डॉक्टर जुनीच ट्रीटमेंट कॉपी करतात असं मेसेज म्हणतो. उलट जुना कागद असला की काय देऊन उपयोग झाला नाही आणि कशाची रिअॅक्शन आली हे कळतं, आणि दोन वर्षांपूर्वीचा क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायला रक्तात बघतात तो आकडा) आणि आजचा शेजारी ठेवला की किडनी कुठे चाललीय ते दिसतं, एकट्या आजच्या रिपोर्टवरून ते दिसत नाही. तुम्ही अॅडमिट होतात आणि हॉस्पिटलने कागद दिले नाहीत तर लेखी अर्ज करा, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत अर्ज केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं म्हटलंय.

आणि "सगळं सांगत बसू नका" याबद्दल. वेळ कमी असतो हे मान्य, आमच्याकडे गर्दीच्या दिवशी एका पेशंटला पाच मिनिटं मिळाली तरी खूप. म्हणून तर ठरवून या. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगा. होतं काय, सगळा वेळ गुडघ्याचं बोलतात, चिठ्ठी लिहून झाली, चप्पल घालतात, दार अर्धं उघडलं आणि मग हळूच, डॉक्टर, जरा संडासच्या जागी रक्त पडतंय महिनाभर. लाजेने राहून गेलेलं असतं. असं असेल तर कागदावर लिहून तो कागदच पुढे करा.

सांगताना आजाराचं नाव सांगू नका, काय होतं ते सांगा. आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघा, ठणकतं, चमक मारते, कळ येते, मुंग्या येतात, भरून येतं, जळजळतं, आणि प्रत्येकाचा डॉक्टरांना वेगळा अर्थ लागतो. "अॅसिडिटी झालीय" म्हणून आलेल्या माणसाला नीट विचारलं की निघतं जिना चढताना छातीत भरून येतं आणि थांबलं की जातं. ती अॅसिडिटी नसते, त्याचा ईसीजी लगेच काढावा लागतो. डायबेटिस असलेल्यांना आणि बायकांना तर हृदयाचं दुखणं कधीकधी नुसतं दमल्यासारखं, मळमळल्यासारखं होतं. कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, एवढं सांगितलंत तरी निम्मं काम झालं.

आधीच पॅकेज करून येण्याचं थोडक्यात. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक टेस्टमध्ये अशी ठरवतात की धडधाकट १०० माणसांतली ९५ तिच्यात बसतील. म्हणजे काही झालेलं नसताना पाच जण बाहेर पडणारच. अशा २० वेगवेगळ्या टेस्ट एकदम केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या एका आकड्यामागे पुढच्या टेस्ट, रात्रीची झोप गेली. शिवाय टेस्टला वेळ असते. डेंग्यूची एनएस१ नावाची रक्ताची टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, आयजीएम नावाची दुसरी त्यानंतर. टायफॉइडची विडाल टेस्ट पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि जुन्या तापामुळे उगीच पॉझिटिव्हही. तापाचा कितवा दिवस आहे त्यावर टेस्ट ठरते, म्हणून आधी डॉक्टर, मग लॅब. आणि अँटिबायोटिक घरात उरलेली होती म्हणून दोन गोळ्या घेऊन येऊ नका, नंतर रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची टेस्ट, केलं तरी जंतू बरेचदा सापडत नाहीत.

शेवटचा मुद्दा, आयुर्वेदिक सांगायची गरज नाही. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्या माणसाचं बीपी वाढू शकतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं, ते डॉक्टरांना कळणार कसं? काढा, चूर्ण, जिमची पावडर, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, सगळं सांगायचं. आणि एक खास आपल्याकडचं. "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात, कारण त्यांच्या लेखी मिसरी म्हणजे दात घासणं. मी आता वेगळं विचारते, मावशी, मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा? मग हसून सांगतात, चारदा. मिसरी तंबाखू भाजूनच होते हो.

तर आधीच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी, तीन ओळींचा कागद आणि ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यासोबत घरातलं एक माणूस, एवढं घेऊन या. लिपस्टिक आणि नेलपॉलिश नको, ओठ-नखांचा रंग बघायचा असतो. सोमवारी सकाळी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, अंगावर काढू नका पण घाईचं नसेल तर बुधवारी-गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला या, तेव्हा डॉक्टरांना तुमच्याजवळ बसायला वेळ असतो.